तळटिपा नसलेली संहिता : ‘कौंडिण्य’ नौका आणि पुनर्रचनेचे वाचन

२१ मे २०२५ रोजी कारवार येथील नौदल तळावर एका शिडाच्या नौकेचा भारतीय नौदलात समारंभपूर्वक समावेश करण्यात आला. ‘आयएनएसव्ही कौंडिण्य’ हे तिचे नाव. सुमारे १९.६ मीटर लांबीच्या आणि ६.५ मीटर रुंदीच्या या नौकेचे तक्ते लोखंडी खिळ्यांनी ठोकलेले नसून काथ्याच्या दोरीने एकमेकांना शिवलेले आहेत. तिच्या घडणीचा आधार म्हणून अजिंठ्याच्या लेण्यातील इसवी सनाच्या पाचव्या शतकातील एका नौकाचित्राचा निर्देश केला जातो. अजिंठ्याचे चित्र, गोव्यातील बांधणी, केरळातील कारागीर आणि कारवारचे बंदर अशा चार स्थळांचा संबंध या एका वस्तूत एकवटला आहे.

अशा नौकेसमोर उभा राहणारा सामान्य प्रेक्षक ‘प्राचीन जहाज असे होते’ असा निष्कर्ष सहजपणे काढतो. आनेकलसारख्या समुद्रापासून दूर असलेल्या गावातून कारवारच्या किनाऱ्यावर येणाऱ्या माणसाला नौकाबांधणीची परिभाषा अवगत असण्याचे कारण नाही. शिडावरील गंडभेरुंड मात्र तो लगेच ओळखेल, कारण कर्नाटकाच्या राजमुद्रेवर त्याने तो पाहिलेला असतो. म्हणजे वस्तूचा जो अंश सर्वांत सुवाच्य, तो अजिंठ्याच्या चित्रापेक्षा निराळ्या परंपरेतून आलेला आहे. आणि जो अंश सर्वांत मोलाचा, ती शिवण, त्याच्या नजरेतून निसटण्याचा संभव अधिक. ही नौका कशी वाचावी, हा प्रश्न त्यामुळे केवळ नौकाशास्त्राचा राहत नाही. साहित्याच्या तौलनिक अभ्यासकाला परिचित असलेल्या पाठनिश्चिती, भाषांतर आणि परंपरा या तिन्ही प्रश्नांशी तो निगडित आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची मांडणी करावयाची आहे.

१. प्रतिकृती आणि पुनर्रचना

‘प्रतिकृती’ या शब्दात एक ‘कृती’ गृहीत आहे. मूळ वस्तू उपलब्ध असेल, तिची मापे घेता येत असतील, तर तिच्यासारखी दुसरी घडवता येते. ऐतिहासिक नौकांच्या बाबतीत मात्र मूळ वस्तू क्वचितच हाती असते, आणि जे हाती असते त्याच्या स्वरूपावरून अशा प्रयत्नांचे तीन प्रकार पडतात.

पहिला प्रकार अवशेषांवर आधारलेला. डेन्मार्कमधील रोस्किल्डेजवळ १९६२ मध्ये उत्खनन झालेल्या नौकांपैकी एकीवरून ‘सी स्टॅलियन’ ही नौका बांधण्यात आली आणि २००७ मध्ये ती डब्लिनपर्यंत नेण्यात आली. इंडोनेशियातील बेलितुंग बेटाजवळ १९९८ मध्ये सापडलेल्या नवव्या शतकातील शिवलेल्या जहाजाच्या अवशेषांवरून ओमानमध्ये ‘ज्वेल ऑफ मस्कत’ बांधले गेले. २०१० मध्ये ते सिंगापूरला पोहोचले. दुसरा प्रकार चित्र वा शिल्प यांवर आधारलेला. जावातील बोरोबुदूर येथील शिल्पपटावरून बांधलेली ‘समुद्र रक्षा’ नौका २००३-०४ मध्ये हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील घानापर्यंत गेली. तिसरा प्रकार ग्रंथ आणि जिवंत कारागिरी यांवर आधारलेला. टिम सेव्हरिन यांनी ओमानमधील सूर येथे ‘सोहार’ ही शिवलेली नौका बांधवून घेतली. तिच्यासाठी लाकूड मलबारातून आले आणि शिवणकामासाठी लक्षद्वीपचे कारागीर आले. सिंदबादच्या कथांपासून प्रेरणा घेतलेली ही सफर नोव्हेंबर १९८० मध्ये मस्कतहून निघून जुलै १९८१ मध्ये कँटनला संपली.

‘कौंडिण्य’ दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारांच्या सीमेवर आहे. तिची बाह्याकृती चित्राकडे बोट दाखवते, तिची जोडणी हस्तपरंपरेकडे. मूळ जहाज कुठेही नाही. म्हणून तिला प्रतिकृती म्हणण्यापेक्षा पुनर्रचना म्हणणे अधिक यथार्थ ठरते.

मराठी अभ्यासकाला या ठिकाणी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. १९१९ मध्ये सुरू झालेले ते कार्य १९६६ मध्ये पूर्ण झाले. त्या आवृत्तीत मुद्रित झालेली संहिता जशीच्या तशी कोणत्याही एका हस्तलिखितात नाही. अनेक साक्षींच्या तुलनेतून ती उभी केलेली आहे. परंतु त्या आवृत्तीचे एक वैशिष्ट्य असे, की प्रत्येक पृष्ठाच्या तळाशी पाठभेद दिलेले असून, जेथे स्वीकृत पाठाविषयी संपादकाला पुरेशी खात्री नाही तेथे अक्षरांखाली नागमोडी रेषा दिलेली आहे. वाचकाला निर्णय कळतो आणि निर्णयाची निश्चितीही कळते. पुनर्रचित नौका ही देखील चिकित्सित आवृत्तीच असते. फरक एवढाच, की तिला तळटिपा नसतात. तक्त्यातक्त्यांत निर्णय दडलेला असतो, पण कोणता निर्णय कशावरून घेतला हे लाकूड सांगत नाही.

२. सोपाऱ्याहून अजिंठ्याला

संबंधित नौकाचित्र अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात आहे. ते पूर्णावदानाच्या कथेचा भाग आहे. ‘दिव्यावदाना’त आलेल्या या कथेचा नायक पूर्ण हा शूर्पारकाचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याजवळील सोपाऱ्याचा व्यापारी. दासीपुत्र म्हणून वारशातून डावलला गेलेला हा पुरुष समुद्रव्यापारात यश मिळवतो आणि पुढे बुद्धाचा भिक्षू होतो. त्याचा भाऊ गोशीर्ष चंदनाच्या शोधात समुद्रप्रवासाला जातो, तेव्हा त्या चंदनवनाचा रक्षक यक्ष वादळ उठवतो. नौकेवरील लोक पूर्णाचा धावा करतात. पूर्ण ऋद्धिबलाने तेथे प्रकट होतो आणि वादळ शमते. आणलेल्या चंदनातून शूर्पारकात बुद्धासाठी प्रासाद उभारला जातो.

कोकणच्या एका बंदराची ही कथा समुद्रापासून दूर, वाघूर नदीच्या खोऱ्यातील एका लेण्यात चित्रित झाली आहे. चित्रकाराचा विषय संकट आणि त्यातून झालेली सुटका हा होता; जहाज हे त्या कथेचे अधिष्ठान. उंच नाळ व पिछाडी, उभट शिडे, दोन्ही बाजूंस लावण्याची सुकाणूची वल्ही, नाळेवर रेखलेला डोळा, पिछाडीस ठेवलेले रांजण एवढा तपशील तो देतो. पण अजिंठ्याच्या चित्रपद्धतीत आकृतीचे परस्परप्रमाण मापावर न ठरता कथेतील महत्त्वावर ठरते. नौकेतील माणसाच्या उंचीवरून नौकेची लांबी काढणे म्हणूनच धोक्याचे. पाण्याखालचा भाग तर चित्रात असण्याचे कारणच नाही, आणि तक्ते कसे जोडले आहेत हेही त्यावरून निश्चित होत नाही.

म्हणजे चित्र ही एक साक्ष आहे. परंतु ती बाह्यरेषेची साक्ष आहे. तिच्यातील मौनाचे क्षेत्र तिच्या उक्तीच्या क्षेत्राहून मोठे आहे. रोमान याकोबसन यांनी १९५९ मध्ये भाषांतराचे जे तीन प्रकार सांगितले, त्यांतील आंतरचिन्हीय भाषांतराचे हे उदाहरण होय: एका चिन्हव्यवस्थेतील आशय दुसऱ्या चिन्हव्यवस्थेत नेणे. येथे हा प्रवास दुहेरी आहे. आधी अवदानकथेचे चित्र झाले आणि सुमारे पंधरा शतकांनी चित्राची नौका झाली. प्रत्येक टप्प्यावर मूळ संहितेत नसलेले काही भरावे लागले. कथेत शिडांची संख्या आवश्यक नव्हती, चित्रकाराला ती ठरवावी लागली. चित्रात तळाची आवश्यकता नव्हती, नौका बांधणाऱ्याला तो ठरवावा लागला. कारण चित्रातील जहाजाला तरंगावे लागत नाही.

३. लोखंड का नाही? : एका स्पष्टीकरणाचा प्रवास

शिवलेल्या नौकांविषयीचा लिखित पुरावा विपुल आहे, पण तो बहुतांशी बाहेरून पाहणाऱ्यांचा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात सोपारा, कल्याण, चौल या कोकणच्या बंदरांची नावे येतात, आणि अरबी समुद्राच्या व्यापाराच्या संदर्भात शिवलेल्या होड्यांचाही उल्लेख येतो. पुढील लेखकांना भेडसावणारा प्रश्न एकच: या समुद्रातील लोक जहाजाला खिळे का मारत नाहीत?

या प्रश्नाच्या उत्तरांची परंपरा तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने अत्यंत उद्बोधक आहे. दुसऱ्या शतकातील टॉलेमी पूर्वसमुद्रातील काही बेटांविषयी सांगतो, की लोखंडी खिळ्यांची जहाजे तेथे खेचून धरली जातात. अकराव्या शतकातील धारच्या भोजराजाच्या नावावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरू’त समुद्रगामी नौकेच्या सांध्यांत लोखंड वापरू नये, कारण पाण्यातील चुंबकी खडक ते ओढून घेतात, असा निषेध आढळतो. ‘अरेबियन नाइट्स’मधील तिसऱ्या फकिराच्या कथेत याच चुंबकपर्वताने जहाजाचे सारे खिळे उपटले जातात आणि जहाज विस्कटते. भूगोलग्रंथ, शास्त्रग्रंथ आणि अद्भुतकथा अशा तीन भिन्न प्रकारांत आणि तीन भाषांत एकच कल्पना वावरते. शास्त्रग्रंथात ती विधिनिषेध होते, कथेत ती कथानकाची कलाटणी होते.

सहाव्या शतकातील बायझंटाइन इतिहासकार प्रोकोपियस याने ही समजूत नाकारली. तांबड्या समुद्रात रोमनांची लोखंड असलेली जहाजे सुखरूप फिरतात, तेव्हा चुंबकाचे कारण खरे नव्हे, हा त्याचा युक्तिवाद निर्दोष आहे. पण त्याने पुढे दिलेले उत्तर, भारतीयांजवळ लोखंडच नाही, हे चुकीचे आहे. दिल्लीचा लोहस्तंभ त्याच्या काळाआधीच उभा होता. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने होर्मुझची शिवलेली जहाजे पाहिली. ती त्याला दुबळी आणि धोक्याची वाटली. लाकूड इतके कठीण आहे की खिळा मारताच ते चिरते, असे कारण त्याने दिले. चौदाव्या शतकातील इब्न बतूता मात्र निराळे सांगतो: खडकावर आदळल्यावर खिळ्यांचे जहाज फुटते, शिवलेल्याला लवचीकपणा असतो.

दैवी शक्ती, दारिद्र्य, लाकडाचा दोष आणि रचनेचा गुण अशी ही चार स्पष्टीकरणे आहेत. त्यांपैकी शेवटचेच शिवणकामाला गुण मानते, बाकीची त्याला उणीव वा सक्ती मानतात. परक्या तंत्राकडे पाहताना ‘यांच्याकडे काय नाही’ या प्रश्नापासून सुरुवात करण्याची प्रवृत्ती प्रवासवाङ्मयात किती खोल आहे, याचा हा नमुना होय. आणि नौका प्रत्यक्ष शिवणाऱ्याचे मत या साखळीत कुठेही नोंदलेले नाही.

मराठी ग्रंथपरंपराही याला अपवाद नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराला राज्याच्या स्वतंत्र अंगाचे स्थान दिलेले आहे. नौकांसाठी लाकूड कोणते आणावे, रयतेची आंब्याफणसाची झाडे तिच्या संमतीवाचून तोडू नयेत, याविषयीची तेथील दक्षता प्रसिद्ध आहे. पण तो राज्यकारभाराचा ग्रंथ आहे. तक्त्याला तक्ता कसा जोडावा हे सांगणे त्याचे प्रयोजन नव्हते.

४. हस्तपरंपरेची साक्ष

लिखित साक्ष जेथे थांबते तेथून कारागिराची साक्ष सुरू होते. ‘कौंडिण्य’च्या प्रकल्पासाठी जुलै २०२३ मध्ये केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालय, भारतीय नौदल आणि गोव्यातील होडी इनोव्हेशन्स यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. तळकण्याची स्थापना १२ सप्टेंबर २०२३ रोजी झाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये नौका पाण्यात उतरली. बांधणीचे काम केरळातील कारागिरांनी बाबू शंकरन यांच्या नेतृत्वाखाली केले.

या पद्धतीत आधी तक्त्यांचे कवच उभे राहते आणि आतील फासळ्या मागाहून बसवल्या जातात. तक्ते कडेला कड लावून ठेवतात. कडांलगत भोके पाडून त्यांतून काथ्याची दोरी ओवतात. सांध्यावर नारळाच्या तंतूंचा जाडसर पेंढ धरून त्यावरून शिवण घट्ट आवळतात. मग भोके व सांधे राळेने बुजवतात. असे हजारो टाके हातांनी घालावे लागतात. दोरी किती ताणावी, ती ओली झाल्यावर किती आवळेल, तक्ता कुठवर वाकेल याचे उत्तर चित्रात नाही, ग्रंथातही नाही. ते हाताच्या सवयीत आहे. केरळातील ‘केट्टुवळ्ळम्’ या नौकाप्रकाराच्या नावातच ‘बांधणे’ हा अर्थ आहे. पूर्वकिनाऱ्यावरील मसुला होडीही शिवलेलीच असे, आणि बंदर होण्यापूर्वी मद्रासच्या फुटत्या लाटांतून माणसे व माल तीच पार करीत असे.

पाठचिकित्सेच्या भाषेत बोलावयाचे तर चित्र ही जुनी, परंतु लांबून केलेली नक्कल आहे. कारागिरी ही अर्वाचीन, परंतु थेट वंशपरंपरेने आलेली प्रत आहे. जुनी प्रत नेहमीच अधिक विश्वसनीय असते असे नाही, हे पाठचिकित्सेचे परिचित तत्त्व येथे लागू पडते. त्याबरोबर दुसरेही तत्त्व लागू पडते: पंधरा शतकांच्या प्रवासात हस्तपरंपरेतही प्रक्षेप झालेले असणार. केरळातील आजची शिवण म्हणजेच पाचव्या शतकातील कोकणची शिवण, असे विधान करता येत नाही. हवाईची ‘होकुलेआ’ ही नौका १९७६ मध्ये ताहितीला गेली, तेव्हा उपकरणांवाचून दिशा ओळखण्याचे ज्ञान हवाईत उरलेले नव्हते. मायक्रोनेशियातील सातावाल बेटाचे माउ पियाइलुग यांनी ते पुरवले. एका परंपरेतील रिकामी जागा शेजारच्या परंपरेने भरून काढली. ‘कौंडिण्य’च्या बाबतीतही घडले ते याच जातीचे आहे.

शब्दांच्या पातळीवरही हे मिश्रण दिसते. मराठीतील ‘सुकाणू’ अरबी ‘सुक्कान’पासून, ‘नाखवा’ फारसी ‘नाखुदा’पासून आणि ‘आरमार’ पोर्तुगीज ‘अर्मादा’पासून आले आहेत. समुद्राची मराठी ही हिंदी महासागराच्या अनेक किनाऱ्यांवरून गोळा झालेली भाषा आहे. शुद्ध, एकदेशी नौकेची कल्पना ज्याप्रमाणे इतिहासाला मानवत नाही, त्याप्रमाणे ती भाषेलाही मानवत नाही.

५. एका नौकेवरील पाठस्तर

आता नौकेकडे पुन्हा पाहता तिच्यात किमान चार स्तर वेगळे करता येतात. नाळ-पिछाडीची बाह्याकृती, चौकोनी शिडे आणि सुकाणूची वल्ही हा चित्रस्तर. शिवण हा हस्तपरंपरेचा स्तर. तिसरा स्तर आधुनिक अभियांत्रिकीचा. या प्रकारच्या जहाजाचे आराखडे अस्तित्वात नसल्यामुळे आयआयटी मद्रासच्या सागरी अभियांत्रिकी विभागात नमुन्यावर जलगतिक चाचण्या घेण्यात आल्या आणि डोलकाठीच्या बळकटीचा अंदाज नौदलाने स्वतः घेतला. चौथा स्तर प्रतीकांचा: शिडांवर गंडभेरुंड आणि सूर्य, नाळेवर सिंहयाळी, डेकवर हडप्पा पद्धतीचा दगडी नांगर.

हा शेवटचा स्तर विशेष लक्ष देण्याजोगा आहे. हडप्पा संस्कृती आणि अजिंठा यांच्यात दोन सहस्रकांहून अधिक अंतर आहे. गंडभेरुंड हे दख्खनच्या निरनिराळ्या राजकुलांनी वापरलेले चिन्ह आहे. याळी दक्षिणेच्या मंदिरशिल्पातून परिचित आहे. नांगर प्रतीकात्मक असल्याचे अधिकृत परिचयात सांगितलेले आहे, त्यामुळे फसवणुकीचा आरोप येथे करता येत नाही. परंतु डेकवर उभ्या असलेल्या प्रेक्षकासाठी चारही स्तर एकाच लाकडात एकजीव झालेले असतात. ज्यावर विसंबून जहाज तरंगते ती शिवण आणि ज्यावाचून ते तितकेच तरंगले असते तो नांगर, या दोहोंना तो सारख्याच विश्वासाने ‘प्राचीन’ म्हणेल.

नावाचीही तीच गत. कौंडिण्य हा फुनानला जाऊन तेथील राजकन्येशी विवाह करणारा पुरुष म्हणून प्रसिद्ध आहे. ही कथा आपल्यापर्यंत येते ती चिनी नोंदींतून आणि चंपा देशातील मीसोन येथील इसवी सन ६५८ च्या शिलालेखातून. शिलालेखात तो द्रोणपुत्र अश्वत्थाम्याकडून मिळालेला भाला रोवतो आणि सोमा नावाच्या नागकन्येशी विवाह करतो. भारतीय खलाशाची म्हणून सांगितली जाणारी ही कथा पैलतीराने आपल्या उत्पत्तीविषयी रचलेली कथा आहे. तिच्यात येणाऱ्याइतकेच महत्त्व स्वीकारणाऱ्याला आहे, आणि तौलनिक वाचनात सोमेचा पक्ष गाळता येत नाही.

६. प्रवासाने काय सिद्ध होते?

२९ डिसेंबर २०२५ रोजी ‘कौंडिण्य’ पोरबंदरहून निघाली आणि १४ जानेवारी २०२६ रोजी मस्कतला पोहोचली. शिवलेली नौका वाऱ्याच्या बळावर अरबी समुद्र ओलांडू शकते, हे यातून पुन्हा एकदा दिसले. मार्को पोलोच्या तुच्छतादर्शक अभिप्रायाला हे प्रत्यक्ष उत्तर आहे. पण ‘शक्य होते’ आणि ‘असेच होते’ ही दोन विधाने भिन्न आहेत. यशस्वी प्रवास एका वाचनाची शक्यता दाखवतो. दुसरे वाचन अशक्य ठरवत नाही. याउलट एखादी पुनर्रचना बुडाली वा वाऱ्याला दाद देईना, तर चित्राच्या त्या वाचनात काहीतरी चुकले असल्याचा संशय घ्यावा लागतो. पुनर्रचनेचे ज्ञानमूल्य म्हणूनच तिच्या अडचणींत अधिक आहे: कोणता सांधा झिरपला, कोणती दोरी सैल झाली, कोणत्या वाऱ्यात शीड उतरवावे लागले. या नोंदी म्हणजे त्या संहितेच्या तळटिपा होत.

अशा तळटिपा लिहिल्या गेल्या आणि प्रेक्षकापर्यंत पोहोचल्या, तर बंदरातील नौका हे अभ्यासाचे साधन होईल. नौकेजवळच्या परिचयफलकावर चित्रातून घेतलेले, कारागिरांकडून आलेले, गणिताने ठरवलेले आणि प्रतीक म्हणून जोडलेले भाग वेगवेगळे दाखवता येतात. चिकित्सित आवृत्तीतील नागमोडी रेषेचे काम तो फलक करू शकतो. त्याहून तातडीचे काम शब्दांचे आहे. अजिंठ्याचे चित्र जतन करण्यासाठी यंत्रणा आहे, ग्रंथांच्या आवृत्त्या निघाल्या आहेत. परंतु शिवणाऱ्याचे ज्ञान त्याच्या हातात आणि त्याच्या मलयाळम शब्दांत आहे. तीच अवस्था रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा आणि कारवारच्या किनाऱ्यावरील लाकडी होड्या बांधणाऱ्यांच्या मराठी-कोकणी परिभाषेची आहे; फायबरच्या होड्या आल्यापासून ती परिभाषा बोलण्याचे प्रसंगच कमी होत गेले आहेत. सोपाऱ्याची कथा टिकली, कारण कोणीतरी ती लिहिली आणि कोणीतरी ती भिंतीवर काढली. शिवणीच्या बाबतीत हे दोन्ही घडलेले नाही. तिची एकमेव प्रत कारागिराच्या हातात आहे, आणि तिची नक्कल करून घेण्याचे काम अद्याप व्हावयाचे आहे.